साहित्य शिकले आणि आवडती पुस्तकं आवडेनाशी झाली

प्रश्न थोडक्यात असा. सिडकोत राहणारी, एस. वाय. बी. ए.ला मराठी स्पेशल घेतलेली मुलगी. शाळेपासून मिळेल ते वाचायची: पौराणिक कादंबऱ्या, रहस्यकथा, आईनं वाचनालयातून आणलेल्या कौटुंबिक कादंबऱ्या. ‘मृत्युंजय’ तर तीनदा वाचून झालेली. स्पेशल घेऊन दीड वर्ष झालं आणि आता यातलं काहीच वाचवत नाही. चौथ्या पानावर ‘हे भावविवश आहे’ असं मनात येतं आणि पुस्तक मिटलं जातं. अभ्यासक्रमातली पुस्तकं मात्र, जी एरवी तिनं हातातही धरली नसती, आवडू लागली आहेत. पण ती खरंच आवडतात की आवडायला हवीत म्हणून आवडतात, हे तिचं तिलाच कळत नाही. आई विचारते, ‘आमची पुस्तकं आता तुला चालत नाहीत का गं?’ तर आवड सुधारली की बिघडली? आणि दोघींत वाचनालयाचं कार्ड एकच आहे, त्यावर दोनच पुस्तकं मिळतात, तेव्हा वेगळं कार्ड काढावं का?

मी नाशिकमध्येच २९ वर्षं मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. तुझ्या वयाच्या मुलींना आयुष्यभर ‘तू’ म्हणत आले, तेव्हा तुलाही तूच म्हणते.

सुधारली की बिघडली, या प्रश्नात मला फारसा रस नाही. तुझ्याच पत्रात खरी अडचण एका वाक्यात आली आहे, ‘खरंच आवडतात की आवडायला हवीत म्हणून’. म्हणजे ही आवड कोणाची, तुझी की अभ्यासक्रमाची? आणि उलट बाजूही आहेच: ही नावड कोणाची? पहिल्या प्रश्नाची काळजी बरेच जण करतात. दुसरा मात्र सहसा कोणी विचारत नाही, कारण नावडीला हुशारी समजायची आपल्याकडे पद्धत आहे.

आधी हे सांगते की मी तुला पाहिलेलं नाही, तुझे सर-मॅडम कसे शिकवतात ठाऊक नाही, पेपर जवळ आलेत की नुकतेच संपलेत तेही नाही. त्यावर बरंच अवलंबून आहे. फक्त पुस्तकंच नाही, तर मैत्रिणी, गाणी, खाणं यातलंही काही नकोसं झालं असेल, तर तो वाचनाचा प्रश्नच नव्हे. मग घरात किंवा डॉक्टरांशी बोलायला हवं. तुझ्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही, म्हणून पुढचं लिहिते.

माझ्या अनुभवात तुझ्यासारख्या तक्रारीत तीन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. पहिली म्हणजे साधा थकवा. परीक्षेसाठी वाचणारा माणूस पुस्तक वाचत नाही, प्रश्न शोधतो. ‘अमुक कादंबरीतील स्त्रीचित्रण’, ‘निवेदनपद्धती’, ‘प्रादेशिकता’, ‘व्यक्तिरेखा’, हे मथळे डोळ्यांवर असे बसतात की वाण्याच्या पुडीचा कागद वाचतानाही त्यातली व्यक्तिरेखा शोधली जाते. त्यात आपल्या मुलांची वाचायची रीत उलटी. आधी गाईड, मग नोट्स, आणि वेळ उरला तर कादंबरी. कादंबरीपर्यंत पोचायच्या आधीच तिच्याबद्दल काय म्हणायचं ते पाठ झालेलं असतं. मी पहिल्या तासाला सांगायचे की पहिलं वाचन पेन्सिलीशिवाय आणि गाईडशिवाय करा, माझं लेक्चर होण्याआधी करा. साठातली सातआठ मुलं ऐकायची. तेवढीच मुलं पुढे वर्गात माझ्याशी भांडायची, आणि त्यांच्यामुळेच शिकवायला मजा यायची. हा थकवा सुटीत आपोआप उतरतो. त्यावर एक सोपा उपाय आहे: महिनाभर फक्त वाचनालयाची पुस्तकं वाच, विकतची नको. वाचनालयाच्या पुस्तकावर खुणा करता येत नाहीत, त्यामुळे हात मोकळा राहतो. हात मोकळा राहिला की डोकंही जरा मोकळं होतं.

दुसरी गोष्ट लाज. ही जास्त चिवट, आणि हिच्याबद्दल मला माझंच सांगायला हवं.

माझे वडील नाशिकरोडला नोट प्रेसमध्ये होते. शिफ्टवरून आले की चहा आणि रहस्यकथा. बाबूराव अर्नाळकरांचे धनंजय, झुंजार, काळा पहाड आमच्या घरात नात्यातल्या माणसांसारखे वावरायचे. कालच्या धनंजयनं काय केलं हे वडील जेवताना सांगायचे, आणि लहानपणी मला ते ऐकल्याशिवाय झोप यायची नाही. पुढे मी एम. ए.ला गेले. सौंदर्यशास्त्राचा पेपर होता, मी नुकतीच ‘रंजनवादी’ हा शब्द शिकले होते आणि तो कुठेतरी वापरायचा होता. एका रविवारी वडिलांच्या हातातल्या पुस्तकाकडे बघून मी तो वापरला. ते काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांच्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर होतं. मग कायमच असायचं. आणि जेवताना गोष्ट सांगणं बंद झालं.

तेव्हा मला वाटत होतं की माझी अभिरुची वाढली आहे. प्रत्यक्षात वाढला होता एक शब्द. धनंजयच्या गोष्टीत नेमकं काय उणं आहे, असं कोणी विचारलं असतं तर मला दोन वाक्यं सांगता आली नसती. तुझी नावड तुझी आहे की उसनी, हे तपासायला मी पुढे वर्गात हीच कसोटी लावू लागले. न आवडलेल्या पुस्तकाबद्दल दहा ओळी लिहा, पण भावविवश, रंजनवादी, कृत्रिम, बटबटीत, वास्तववादी, आशयघन यातला एकही शब्द वापरायचा नाही. कुठल्या पानावर कंटाळा आला आणि त्या पानावर काय होतं, तेवढंच लिहायचं. ज्यांना लिहिता यायचं त्यांची नावड त्यांची. ज्यांची वही कोरी राहायची त्यांनी ती कुठूनतरी आणलेली असायची, बहुधा माझ्याच लेक्चरमधून. हे कबूल करायला शिक्षकाला जड जातं, पण तसंच होतं. आवडीलाही हीच कसोटी लागते. नेमाड्यांची ‘कोसला’ आवडली म्हणतेस ना? दहा ओळी लिही, त्यात ‘अस्तित्ववाद’ हा शब्द नको.

‘कोसला’वरून आठवलं. तिचा नायक आणि निवेदक पांडुरंग सांगवीकर. एस. वाय.च्या प्रत्येक वर्गात असे दोन-तीन सांगवीकर तयार होतात. निबंधात, सुट्टीच्या अर्जात, एकदा तर गॅदरिंगच्या आभारप्रदर्शनातसुद्धा त्याच्या ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ यांची पेरणी सुरू होते. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू. कुणाची तरी भाषा अंगावर चढणं ही वाचन चालू असल्याची खूण आहे, आणि वर्षभरात ती उतरते. तू नवी आवड खरी की खोटी असं विचारतेस तेव्हा माझं उत्तर अर्धं इथेच आहे: सुरुवातीला ती थोडी नकलीच असते. लहान मूल बोलायला शिकतं तेही नक्कल करतच. दीड वर्षात आवडीवर स्वतःची सही उमटावी ही अपेक्षा फार आहे.

पण आवड-नावड उसनी असते एवढंच सांगून थांबले तर तुझ्यावर अन्याय होईल, कारण तिसरी गोष्ट खऱ्या बदलाची आहे आणि तोही तुझ्यात झालेला दिसतो. तू लिहिलं आहेस की बाबुराव बागुलांच्या कथा वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. ते विहितगावचे, आपल्याच नाशिकचे. मी ‘जेव्हा मी जात चोरली होती’ शिकवायचे तेव्हा देवळालीकडून येणारी मुलं चमकून बघायची, कारण ज्या रस्त्यानं रोज कॉलेजला यायचं त्याच रस्त्यावरच्या माणसानं हे लिहिलं होतं आणि घरात कुणी त्याचं नावही काढलं नव्हतं. तो संग्रह १९६३चा. ‘कोसला’ही १९६३चीच. एकाच वर्षी मराठीत दोन इतके वेगळे आवाज आले, आणि अभ्यासक्रमानं ते तुझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. हे काम वाचनालयाच्या कपाटापुढे उभं राहून आपोआप होत नाही. ज्या पुस्तकानं दोन दिवस सुचू दिलं नाही त्याची आवड कोणी सांगितली म्हणून येत नाही. तेव्हा ही आवड तुझीच आहे, तिच्यावर शंका घेऊ नकोस.

आता ‘मृत्युंजय’. ती वाचवत नाही म्हणतेस, आणि पानापानावर उपमांची गर्दी आहे म्हणतेस. गर्दी आहे, मलाही वाटते. पण तू आता निवेदक म्हणजे काय ते शिकली आहेस, तर चौथ्यांदा उघडताना एवढंच बघ: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण अशी सहा माणसं आळीपाळीनं ती गोष्ट सांगतात. शाळेत असताना तू सगळ्यांवर सारखाच विश्वास ठेवला असशील. आता विचार, कोण काय लपवतंय? कर्ण स्वतःबद्दल जे सांगतो आणि शोण त्याच्याबद्दल जे सांगतो, त्यात फट कुठे पडते? दुर्योधनाच्या तोंडून आलेला भाग कर्णाला मोठा करतो की स्वतःला? हे प्रश्न दहावीत सुचले नसते. ते विचारूनही पुस्तक आवडलं नाही तर बाजूला ठेव, हरकत नाही. पण आधी विचार. अभ्यासानं तुला हत्यार दिलं आहे आणि तू ते फक्त पुस्तक मिटायला वापरते आहेस.

इथे मला जुन्या काव्यशास्त्रातला एक शब्द आणायचा आहे, कारण तुमच्या साहित्यशास्त्राच्या पेपरात तो असतो आणि पाच गुणांच्या टिपेपुरता पाठ होतो: ‘सहृदय’. मुलं लिहितात, सहृदय म्हणजे संवेदनशील रसिक. पण हजार वर्षांपूर्वी काश्मिरात अभिनवगुप्तानं ‘ध्वन्यालोक’ या काव्यशास्त्राच्या ग्रंथावरच्या ‘लोचन’ टीकेत केलेली व्याख्या नीट बघ. तो म्हणतो की काव्याच्या सततच्या परिशीलनानं, अभ्यासानं ज्यांच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे आणि त्यामुळे वर्ण्य विषयाशी तन्मय होण्याची योग्यता ज्यांना आली आहे, ते सहृदय. अभ्यास आणि तन्मयता यांचं वैर आहे असं आपण धरून चालतो. तुझी सगळी तक्रार त्याच गृहीतकावर उभी आहे: शिकले, म्हणून रमता येत नाही. अभिनवगुप्त उलट म्हणतो, शिकल्यामुळेच नीट रमता येतं. मग तुझं रमणं का थांबलं? माझ्या मते आरसा पुसायचं काम अर्ध्यावर आहे. अर्धवट पुसलेल्या काचेवर फडक्याचे फराटे दिसतात, तुम्हा स्पेशलच्या मुलांना दुसऱ्या वर्षी तेच दिसत असतात. ही उपमा माझी, अभिनवगुप्ताची नव्हे. परीक्षेत त्याच्या नावावर खपवू नकोस.

आणि अभ्यासक्रमाच्या यादीलाही देवाचा शब्द मानू नकोस. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तुम्ही गंभीर सामाजिक कादंबरी म्हणून शिकता. ती ज्या साप्ताहिकातून क्रमशः आली ते आपट्यांनीच १८९०मध्ये काढलं होतं आणि त्याचं नाव होतं ‘करमणूक’. घराघरांत बायका-पुरुष पुढच्या अंकाची वाट बघत होते, आज तुझी आई मालिकेच्या पुढच्या भागाची बघते तशी. किंवा फडके आणि खांडेकर घे. ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या वादावर दरवर्षी उत्तरं लिहिली जातात, आणि लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी दोघांची एकेक कादंबरी वाचलेली असते. खांडेकरांच्या भाषेला आज वर्गात नाकं मुरडतात. मराठीतला पहिला ज्ञानपीठ त्यांचा, १९७४चा, आणि २०१४चा नेमाड्यांना मिळाला. खांडेकरी वळणाच्या लेखनावर नेमाड्यांनी किती कडक लिहिलं आहे ते तुला माहीत असेल. दोघं एकाच यादीत आहेत. पुरस्कारानं कोण मोठं ते ठरत नाही, पण चाळीस वर्षांत हवा किती फिरते ते दिसतं. तुझी आजची यादीही कधीतरी कुणाला जुनाट वाटेल.

आता वडिलांच्या कव्हरचं पुढे काय झालं ते सांगते, कारण तुझ्या आईचा प्रश्न त्याला लागून आहे. शिकवायला लागून पाच-सहा वर्षं झाली होती. एफ. वाय.च्या मुलांना कथानक म्हणजे काय ते समजावता येईना. घटना आणि कथानक यातला फरक, वाचकाला कुठली गोष्ट कधी कळू द्यायची, हे फळ्यावर काढून काढून मी दमले. शेवटी वडिलांना म्हटलं, तुमची एक रहस्यकथा द्या, वर्गात वाचते. त्यांनी कपाटातून दोन काढल्या, कव्हरं काढून ठेवली आणि एक परत ठेवली. म्हणाले, ‘ही नको, हिच्यात लेखकानं चोरी केलीय. खुनी शेवटच्या दहा पानांत आणलाय. खुनी पहिल्या भागातच एकदा भेटला पाहिजे, आणि भेटतो तेव्हा तो काहीतरी साधं काम करत असला पाहिजे. चहा पीत असला पाहिजे.’ दुसऱ्या पुस्तकात त्यांनी मला ते पान काढून दाखवलं. खरंच, तिथे तो चहा पीत होता.

मी त्या वर्षी ते पान वर्गात वाचलं आणि मुलांना कथानक कळलं. ज्या माणसाला मी एका शब्दात गप्प केलं होतं त्याला रचना माझ्यापेक्षा नीट दिसत होती, त्याच्याकडे फक्त आमचे शब्द नव्हते. ते पुढे जेवताना पुन्हा गोष्टी सांगू लागले का? थोड्या. पहिल्यासारख्या नाहीत.

म्हणून तुझ्या आईला ‘चालतात गं, का नाही’ असं खोटं सांगू नकोस. तिला ते कळेल. आणि तिच्या पुस्तकात काय उणं आहे हेही समजावू नकोस, तिनं तुला लेक्चर मागितलेलं नाही. तिला विचार, यातलं कोण तुला आवडलं आणि का. बहुतेक ती एखाद्या बाईचं नाव घेईल, आणि मग त्या बाईबद्दल न बोलता आपल्या नणंदेबद्दल किंवा शेजारणीबद्दल बोलू लागेल. ऐक. पुस्तकातून माणसांकडे जाणं आणि परत येणं हेही वाचनच, आणि ते तुमच्या प्रश्नपत्रिकेत नसतं. हे सगळ्या घरांत चालतं असं नाही. काही आयांना पुस्तकावर बोलायचं नसतं, त्यांना फक्त लेक शेजारी बसून वाचते आहे एवढंच हवं असतं. तुझी कशातली आहे ते तुलाच माहीत.

थोडक्यात, थकव्यासाठी सुटी आणि वाचनालयाची पुस्तकं, लाजेसाठी दहा ओळींची वही. खऱ्या बदलाला काही उपाय लागत नाही, तो होऊ दे. जुनी सगळी पुस्तकं परत आवडतील असं मात्र मी म्हणणार नाही. काही गेली ती गेली. मलाही शाळेत जीव की प्राण असलेल्या दोन कादंबऱ्या आता उघडवत नाहीत, आणि त्याचं फार दुःखही होत नाही. रहस्यकथा परत आल्या, तेवढं पुष्कळ.

राहिलं कार्ड. जरूर काढ. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४०पासूनचं आहे. जी पुस्तकं दुकानात मिळणार नाहीत ती तिथे मिळायची शक्यता बरीच, आणि स्पेशलच्या मुलीला स्वतःचं कार्ड लागतंच. फक्त आईच्या कार्डावरचं तुझं पुस्तक बंद करू नकोस. तिथे एक तिचं, एक तुझं असं चालत आलंय ना, तसंच चालू दे, पण त्या कार्डावरचं तुझं पुस्तक आईनं निवडायचं. आणि तिच्यासाठी दर महिन्याला एक तू निवड. सुरुवात बागुलांपासून नको, तिच्या आवडीला लागून असलेलं काहीतरी घे. या वेळी ती जे आणेल ते तिच्याआधी वाचून काढ, आणि शेवट सांगू नकोस.